सात वेढ्यांचे बुवा

बुवांनी आयुष्यात कुणालाही 'सोड' असं सांगितलं नाही. व्यसन सोडवणारे म्हणून सगळ्या जुन्नर पेठेत त्यांचं नाव, आणि हा एक शब्द मात्र त्यांना चालत नसे. एखादी बाई नवऱ्याला ओढत घेऊन आली आणि "बुवा, ह्यांना तंबाखू सोडायला सांगा" म्हणाली, की बुवा तिच्यावरच डाफरत.

"कशापायी सोडंल? त्याला आवडती ती. उद्या त्यो म्हनला तुला सोडतो, तर चालंल का?"

बाई घाईनं "नाही, नाही" म्हणायची. काही बाया थोडा वेळ विचारात पडत, ते वेगळं.

बुवा राहायचे पेठेबाहेर, कुकडीच्या काठाला, एका कुडाच्या घरात. उंच, काटकुळे, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडीची खोळ. त्या खोळीत पाच शेरांची दगडी सहाण असायची. वैद्य लोक बटवा घेऊन फिरतात, हे सहाण घेऊन फिरायचे. कुणी म्हणालं, "बुवा, सहाण तर आमच्याही घरात आहे," तर ऐकून घेत आणि आपलीच काढून मांडत. सुंठ, वेखंड, हळकुंड, हिरडा, जे काही द्यायचं ते उगाळून. सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. दुखणं कसलंही असो, बुवांचे वेढे सात. सहा का नाहीत आणि आठ का नाहीत, हे विचारणाऱ्याला ते उत्तर देत नसत, नुसतं बघत. मला वाटतं, त्यांनाही माहीत नसावं.

त्यांच्या औषधांपेक्षा त्यांच्या अटी भारी होत्या. शाळेचे एक मास्तर तपकिरीच्या पार आहारी गेले होते. बुवांनी त्यांना सांगितलं, "वढा की तपकीर. दिसातून धा डाव वढा. पर कुकडीत गुडघाभर पान्यात हुबं ऱ्हाऊन." मास्तरांनी बिचाऱ्यांनी ते मनावर घेतलं. कार्तिकापर्यंत दिवसातून दहा वेळा शाळा टाकून नदीवर पळत. मार्गशीर्षाची थंडी पडली तशी दहाची चार झाली, पौषात एकावर आली. माघात बुवांनी त्यांना बाजारात गाठून विचारलं, "मास्तर, हल्ली नदीवर दिसत न्हाई?" मास्तर म्हणाले, "थंडी फार आहे हो." "मंग उन्हाळ्यात या," बुवा म्हणाले आणि पुढे गेले.

दुसरे एक अडत्ये होते, त्यांना अपचन. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं. बुवांनी त्यांना दर आठ दिवसांनी लांब पिंपरी पेंढारला जाऊन तिथल्या एका विहिरीवरच्या कडुलिंबाचा पाला आणायला सांगितलं. बुवांच्या स्वतःच्या दारात कडुलिंब होता. अडत्ये पहिल्यांदा चालत गेले, दुसऱ्यांदा बैलगाडी जुंपून. बुवांनी पाला हातातही घेतला नाही. अडत्यांच्या पायांकडे पाहून म्हणाले, "पाला बैलांनी आनलाय नव्हं? मंग औशिद बैलांना द्येतो."

पैसा ते घेत नसत. त्यांची फी म्हणजे एक जेवण, आणि ते रोग्यानं स्वतः रांधायचं. घरातल्या बाईनं चुलीला हात लावायचा नाही. जन्मात पाण्याचा तांब्याही स्वतः न भरलेली माणसं त्यामुळे डोळे चोळत चुलीपुढे बसलेली आम्ही पाहिली. बुवा ते करपलेलं, कच्चं, जसं असेल तसं संपवत आणि जाताना सांगत, "मीठ कमी व्हतं."

हे बुवा आमच्या घरात आले ते माझ्या सासऱ्यांसाठी. प्लेगाच्या सालांनंतरची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, चार बुकं शिकून मंचरहून लग्न होऊन आलेली, मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. माहेर आणि सासर दोन्ही मारवाडी जैन. आमच्या घरी मराठीच बोलत, पण सुनांचा घुंगट मात्र राजस्थानातून जसा निघाला तसाच आमच्या डोक्यावर आला होता. सासऱ्यांशी मी कधी समोरासमोर बोलले नव्हते. काही सांगायचंच झालं तर मांडीवरच्या मुलाला सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं, अशी रीत.

धंदा हिरड्याचा. डिंभ्याकडच्या, घाटाकडच्या रानांतून लोक हिरड्याच्या पाट्या घेऊन येत आणि आमच्या वखारीत त्याची पोती लागत. सासरे पोत्यात हात घालून सांगत, माल किती दिवसांचा, कुठल्या डोंगरावरचा. पण त्यांचा खरा अभिमान होता काट्याचा. आमच्या दुकानाचा काटा म्हणजे देवाचा शब्द, असं खेड्यापाड्यांत म्हणत. "अंदाज नाही, काटा," हे त्यांचं वाक्य दिवसातून वीसदा कानावर यायचं. डाळ भिजत घालायची तरी सासूबाईंना तोलून घालायला लावत.

अशा माणसाला अफू लागली होती. फार पूर्वी जुलाब थांबेनात तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून थोडी घेतली. जुलाब थांबले, अफू राहिली. रोज सकाळी दहाच्या सुमारास, सोन्याच्या कामाला वापरतात तसल्या छोट्या तराजूत एका बाळहिरड्याच्या वजनाइतकी अफू तोलून घेत. बाळहिरडा म्हणजे झाडावर पिकण्याआधी वाळलेलं हिरड्याचं चिमुकलं फळ, काळं आणि टणक. ती घेतल्यावर माणूस हसतमुख, दुकानात तरतरीत. अकरा वाजेपर्यंत मिळाली नाही की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हातपाय पिळवटायचे.

तसा त्रास कुणाला नव्हता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आमच्यात लहान पोरंसुद्धा उपास करतात. सासरे वर्षानुवर्षं उपास करत आणि दहा वाजता खोलीत जाऊन दार लावत. अफूची गोळी पोटात गेली की उपास मोडला, हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. ते खोलीतून बाहेर आले की सगळे दुसरीकडे बघत. एका वर्षी ते सासूबाईंना म्हणाले, "मरायच्या आधी एक उपास खरा झाला पाहिजे. आयुष्यभर काटा खरा ठेवला आणि देवापुढे मापात मारतोय मी." ते मी दाराआडून ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं.

होळी झाल्यावर बुवांना बोलावणं गेलं. ते आले ते थेट उंबऱ्यावर बसले. गादीवर बसा म्हटलं तर ऐकेनात. उंबऱ्यावर बसणं अशुभ, सासूबाईंचा जीव वरखाली. सासऱ्यांनी सगळं सांगितलं. बुवांनी शेवटी विचारलं, "अफू कशानं तोलता?"

"बाळहिरड्यानं."

"झ्याक. त्योच हिरडा ठिवा. अफू एक गुंजभर कमी करू नगा. फकस्त घ्यायच्या आधी त्योच हिरडा सहानंवर सात येढे उगाळायचा आन् ते चाटन मधातनं घ्यायचं."

"मध आम्हाला वर्ज्य," सासरे म्हणाले.

"मंग गुळातनं घ्या! गूळ तरी खाता का न्हाई?"

सासरे खूश झाले. अफू कमी नाही, काही नाही, वर पोटाला औषध. त्या दिवशी त्यांनी फी म्हणून स्वतः खिचडी केली. धुरानं घर भरलं. बुवांनी कांदा मागितला, सासूबाईंनी असं काही पाहिलं की बुवांनी पुन्हा आमच्या घरात कांद्याचं नाव काढलं नाही.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या घरात मात्र कुणाच्याच आलं नाही. रोज सात वेढे. सहाण धुऊन तो हिरडा खिडकीत वाळवायचा आणि संध्याकाळी चांदीच्या डबीत ठेवायचा, हे काम माझं. सकाळी सासरे तो पारड्यात टाकत आणि काटा बरोबर मध्ये उभा राहीपर्यंत अफू चढवत. चैत्र गेला, वैशाख गेला. हिरडा झिजत होता, अफू उतरत होती, आणि सगळ्या तालुक्याच्या हिरड्याची पारख करणारा माणूस हातातल्या हिरड्याकडे बघत नव्हता. काटा मध्ये उभा आहे ना, मग झालं. ज्येष्ठात ते म्हणाले, "हल्ली भूक लागते बुवा." बुवा उंबऱ्यावरून म्हणाले, "लागनारच की."

आषाढात माझे वडील मंचरहून यायचे होते. मी घर आवरायला घेतलं, डबी घासायला काढली आणि तो हिरडा मला नीट दिसला. हिरडा कसला, करंगळीच्या नखाएवढी कपची. मला लाज वाटली. वखारीत नव्या बाळहिरड्याची पोती छतापर्यंत लागलेली आणि माझ्या सासऱ्यांच्या चांदीच्या डबीत हा असा तुकडा! वडिलांनी पाहिलं तर काय म्हणतील? मी वखारीतून एक चांगला टपोरा बाळहिरडा आणून डबीत ठेवला. जुनी कपची टाकून कशाला द्यायची, म्हणून बाळाच्या गुटीत उगाळून संपवली. मी फार शहाणपणाचं काम केलं अशा समजुतीत होते.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सात वेढे उगाळले, हिरडा पारड्यात टाकला आणि अफू चढवायला लागले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की गोळी मोठी आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं होतं. मनात आलंही, आज एवढी कशी? पण काटा मध्ये उभा होता. जन्मभर ज्यानं गिऱ्हाइकाला "अंदाज नाही, काटा" ऐकवलं, तो स्वतःच्या डोळ्यांचं कसं ऐकेल? त्यांनी ती घेतली.

तासाभरानं ते गादीवर कलंडले. हाका मारल्या तर हूं की चूं नाही. ओठ काळपट पडले, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. माझा नवरा कुकडीकडे पळत सुटला. बुवा धावत आले, त्या दिवशी सहाणसुद्धा न घेता. सासऱ्यांच्या पापण्या वर करून त्यांनी पाहिल्या आणि विचारलं, "आज काय बदललं?"

कुणाला काही सांगता येईना. मांडीवरच्या बाळाला सांगायची रीत मी विसरले आणि दाराआडून सरळ म्हणाले, "मी हिरडा नवा ठेवला."

बुवांचा चेहरा मी घुंगटातून पाहिला. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. ते कामाला लागले. रिठ्याचं पाणी पाजून ओकारी काढवली. मग दोन हमालांना दोन बाजूंनी धरायला लावून सासऱ्यांना वखारीत चालवत सुटले, पोत्यांच्या रांगांमधून, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. "निजला की ग्येला," एवढंच आम्हाला सांगितलं. पाय फरपटत होते, मान छातीवर पडत होती. बुवा मागून थाळी बडवत होते. थाळीचा उपयोग होईना तेव्हा ते एका पोत्यापाशी थांबले, आत हात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "शेठ, ह्यो माल भिजवल्याला हाये. वजन वाढवाया पानी मारलंय तुमी."

सासऱ्यांचे डोळे उघडले. "काय?"

"पानी मारलंय म्हनतो. आन् ह्यात दगडं बी हायेत."

"माझ्या... माझ्या मालात?"

"तुमच्याच. ह्ये पोतं बगा, समदं बुरसाटल्यालं."

सासरे चिडले. बोबड्या जिभेनं भांडायला लागले. प्रत्येक पोत्यापाशी बुवा नवा आळ घेत आणि सासरे तो खोडून काढायला आणखी चार पावलं टाकत. बुवांनी त्या दिवशी आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांची अब्रू काढली. मी बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होते आणि मनात म्हणत होते, आणखी बोला, आणखी वाईट बोला. दिवेलागणीला सासऱ्यांनी बुवांच्या मुंडाशाला हात घातला आणि अस्सल मारवाडीत एक शिवी दिली. बुवा मटकन खाली बसले. "जगला," ते म्हणाले.

दोन दिवसांनी सासरे उठून बसले तेव्हा बुवांनी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी संतापले. "माझ्या घरात, माझ्याच काट्यानं मला फसवलं!"

"काट्यानं न्हाई. काटा खराच व्हता. माप झिजलं."

सासऱ्यांनी चांदीची डबी मागवून उघडून पाहिली. मग विचारलं, "किती झिजलं होतं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कपची बाळाच्या पोटात गेली होती. बुवांनी मला दारापाशी बोलावलं. मी पदराबाहेर करंगळी काढली आणि नखावर दुसऱ्या बोटानं रेघ दाखवली. सासऱ्यांनी ते बोट पाहिलं.

"एवढुशीवर होतो मी?"

"पंधरा दिस तरी."

"आणि मला कळलं नाही?"

"अफू भूक मारती. भूक लागती म्हनलावता नव्हं? तवाच कळाया पायजे व्हतं."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. फसवलेल्या माणसाचा राग नव्हता तो. आपल्याच घरात पुरलेलं काही सापडावं तसे ते बघत होते. बुवांनी माझ्या नखाच्या मापाची नवी कपची तासून दिली. दुसऱ्या सकाळपासून सासरे स्वतः, उघड्या डोळ्यांनी, सातऐवजी दहा वेढे उगाळू लागले. बुवांना ते पटलं नाही. "सात सांगितल्यात, सात उगाळा," म्हणून ते रोज भांडत.

माझ्यापुरतं मात्र घर बदललं होतं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी कपाळाचं कुंकू जाताना पाहिलं होतं. "हिच्या हातून ह्यांना पाण्याचा थेंब जायचा नाही," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी डबीला शिवायचं नाही, सहाणेला शिवायचं नाही, सासऱ्यांचं ताट वाढायचं नाही. जावा, शेजारणी, सगळ्यांना ते ठाऊक झालं. खोडदची एक नात्यातली बाई तर मला तोंडावर म्हणाली, "अगं, शिकलेली ना तू?" मी मागल्या दारी बसून किती रडले त्याला सुमार नाही. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती.

श्रावण सरता सरता कपची सहाणेवर विरघळून गेली. त्या दिवशी सासऱ्यांनी सवयीनं तराजू उचलला. एका पारड्यात काही नाही, म्हणून दुसऱ्यातही काही नाही. काटा मध्ये उभा. ते खूप वेळ तसेच धरून बसले होते.

संवत्सरीला बुवा सकाळीच आले आणि उंबऱ्यावर बसले. दहा वाजले. सासऱ्यांना दोन जांभया आल्या. सासरे उठले, खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि ते दार सताड उघडं टाकून परत येऊन बसले. बुवांनी काही उपदेश केला नाही. दिवसभर ते हिरड्याच्या गोष्टी बोलत राहिले. तेही जेवले नाहीत. सासूबाईंनी आग्रह केला तर म्हणाले, "रोग्यानं रांधलं न्हाई, मंग मी खाऊ काय?"

संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या दोषांची कबुली, झालं. मग आमच्या रीतीप्रमाणे सगळे एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणू लागले. बुवांनी विचारलं, "ह्ये काय म्हनत्यात?" सासऱ्यांनी सांगितलं, "वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखवलं असेल त्याची माफी मागायची."

"ल्हानांनी मोठ्यांची?"

"सगळ्यांनी सगळ्यांची."

बुवा उठले. मला वाटलं, ते सासऱ्यांकडे जातील. ते आतल्या दारापाशी आले, जिथे आम्ही बायका बसलो होतो. मुंडासं काढून हातात घेतलं. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, पांढरंशुभ्र आणि अगदी लहान.

"हिरडा ठिवनारी शेठाची सून कोनती?" त्यांनी विचारलं. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं.

"लेकी, चूक तुझी न्हाई. माझी हाये. रोग्याला न्हाई सांगितलं त्ये बराबर व्हतं. पर ज्या हातात औशिद व्हतं, त्या हाताला मी सांगाया पायजे व्हतं. बाईमानसाला काय सांगायचं, आसं माझ्या मनात आलं. तुला लई सोसावं लागलं. आता ते तुमचं काय म्हनायचं असतंय, ते मी म्हनतो आसं समज."

आणि त्या म्हाताऱ्यानं मला, एकोणीस वर्षांच्या पोरीला, सगळ्या घरासमोर हात जोडले. मीही हात जोडले. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. पुढे बुवा जिथे जिथे औषध द्यायला गेले तिथे आधी घरातल्या बाईला बाजूला बोलावून सगळं समजावून सांगत, आणि पेठेतले लोक त्यावरून त्यांची थट्टा करत. त्यांनी ती थट्टा मरेपर्यंत सोसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सासऱ्यांचं पारणं होतं. सासूबाई मुगाच्या पाण्याचं भांडं घेऊन आल्या. सासऱ्यांनी वाटी हातात घेतली, पण पुढे केली नाही.

"सूनबाई कुठाय?"

सासूबाई आत आल्या आणि ते भांडं त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं. मी बाहेर गेले. घुंगटातून आधीच कमी दिसतं, त्यात डोळे भरून आलेले. निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. मी घाबरून थांबले.

सासरे वाटीत पाहून म्हणाले, "असू दे, पोरी. एवढं मला पुरतं."